बेला बार्टोक

बेला बार्टोक (२५ मार्च, १८८१ – २६ सप्टेंबर, १९४५) हे हंगेरियन संगीतकार, पियानोवादक आणि लोकसंगीताचे अभ्यासक होते. तंतुवाद्यांच्या नव्या वादनप्रकारांच्या आणि ते कागदावर उतरवणाऱ्या चिन्हांच्या इतिहासात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे. 'बार्टोक पिझिकातो' हा वादनप्रकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

जीवन

बार्टोक यांचा जन्म तत्कालीन हंगेरीतील, आज रोमेनियात असलेल्या नॉज्सेंतमिक्लोश या गावी झाला. ते सात वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. आई पाउला शिक्षिका होत्या. पियानोचे पहिले धडे त्यांनीच मुलाला दिले. १८९९ ते १९०३ या काळात बार्टोक यांनी बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिक्षण घेतले आणि १९०७ मध्ये ते तेथेच पियानोचे प्राध्यापक झाले.

लोकसंगीताचे लेखन

१९०४ साली लिदी दोशा या ट्रान्सिल्व्हेनियातील तरुणीचे गाणे त्यांच्या कानी पडले आणि ग्रामीण गीतांचा शोध हा त्यांच्या आयुष्याचा ध्यास बनला. झोल्तान कोदाय यांच्याबरोबर त्यांनी या कामाला वाहून घेतले. फोनोग्राफ घेऊन ते हंगेरियन, स्लोव्हाक आणि रोमेनियन खेड्यांत हिंडले. १९१३ मध्ये अल्जीरियात आणि १९३६ मध्ये तुर्कस्तानातही गेले. गायकाचा स्वर नेहमीच्या सप्तकात नेमका बसत नसे. अशा ठिकाणी स्वर किंचित चढा किंवा उतरता असल्याचे ते बाणाच्या खुणेने दाखवत. ऐकलेला स्वर सोयीसाठी सुधारून लिहिणे त्यांना मान्य नव्हते.

तंतुवाद्यांसाठी चिन्हे

बार्टोक स्वतः पियानोवादक असले, तरी त्यांचे अनेक धाडसी प्रयोग तंतुवाद्यांसाठी आहेत. दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठी त्यांनी १९०९ ते १९३९ या काळात सहा स्ट्रिंग क्वार्टेट पूर्ण केले. घोडीजवळ गज फिरवणे, गजाच्या काठीने तारेवर आघात करणे, बोट घसरवत एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणे असे प्रकार त्यांत आढळतात. चौथ्या क्वार्टेटचा (१९२८) चौथा भाग तर गजाविना, केवळ तारा छेडून वाजवायचा आहे. याच भागात तार इतक्या जोराने ओढून सोडायची असते, की ती फिंगरबोर्डवर आपटून टणत्कार उमटावा. त्यासाठी त्यांनी लहान वर्तुळ आणि त्याला जोडलेली छोटी उभी रेघ असे चिन्ह वापरले. हा आघात त्यांचा शोध नव्हे. सतराव्या शतकात बिबर यांनी आणि पुढे मालर यांनी तो शब्दांत सूचना देऊन वापरला होता. मात्र चिन्हामुळे ती सूचना वादकाला स्वर वाचता वाचताच समजू लागली. पुढील पिढ्यांतील संगीतकारांनी हे चिन्ह स्वीकारले व ते आज सर्वत्र रूढ आहे.

अखेरचा काळ

नाझीवादाला विरोध असल्याने बार्टोक १९४० मध्ये पत्नी दित्ता यांच्यासह अमेरिकेला गेले. तेथे कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ध्वनिमुद्रित सर्बो-क्रोएशियन लोकगीतांचे स्वरलेखन केले. आजारपण आणि आर्थिक ओढाताण असतानाही १९४४ मध्ये त्यांनी यहुदी मेन्युहिन यांच्यासाठी एकल व्हायोलिनचा सोनाटा लिहिला. त्याच्या अखेरच्या भागात अर्धस्वराच्याही निम्म्या अंतराचे पावस्वर आहेत. बार्टोक यांच्या निधनानंतर मेन्युहिन यांच्या संपादनाखाली निघालेल्या आवृत्तीत त्यांच्या जागी अर्धस्वर छापले गेले. त्यामुळे केवळ छापील प्रतीवरून वाजवणाऱ्यांपर्यंत ते सूक्ष्म स्वर अनेक दशके पोहोचलेच नाहीत. पुढे मूळ लेखनावर आधारित आवृत्तीत ते पुन्हा छापले गेले.

रक्ताच्या कर्करोगाने बार्टोक यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले. १९८८ मध्ये त्यांचे अवशेष हंगेरीत आणून बुडापेस्ट येथे शासकीय इतमामात दफन करण्यात आले.