निसर्गोपासक चार्ल्स डार्विन

उत्क्रांतिवादाचे जनक म्हणून डार्विन सर्वांस ठाऊक आहेत. आम्ही येथे त्यांच्या चरित्राचा एक निराळा पैलू सांगणार आहोत.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी येथे झाला. वडील नामांकित डॉक्टर. मुलानेही तोच व्यवसाय करावा म्हणून त्यांनी त्यास एडिंबरोला धाडले. परंतु शस्त्रक्रिया पाहून त्याचे मन विटले. पुढे केंब्रिजला धर्मशिक्षणासाठी गेले, तर तेथे भुंगेरे गोळा करण्याचाच नाद लागला! अखेर डिसेंबर १८३१ मध्ये 'बीगल' जहाजावरून ते जगप्रवासास निघाले. युरोपातून आलेल्या काटेरी झुडपांनी दक्षिण अमेरिकेतील विस्तीर्ण मैदाने व्यापलेली त्यांनी पाहिली.

१८३६ मध्ये ते परतले. पुढे प्रकृती कायमची ढासळली, तरी निरीक्षण सुटले नाही. सरे परगण्यातील एका उजाड माळाचा काही भाग कुंपणाने बंद केलेला होता. आत पाइनची रोपे आपोआप दाट माजली होती. बाहेर मात्र एकही दिसेना. डार्विन यांनी वाकून झुडपे बाजूस सारली. तेथे गुरांनी खुडलेली असंख्य रोपे होती. एका चौरस यार्डात त्यांनी ३२ मोजली! त्यांतील एक २६ वर्षे डोके वर काढू पाहत होते. गुरे चरत होती, म्हणूनच माळ माळ राहिला होता. हा वृत्तान्त त्यांनी १८५९ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात नमूद केला.

आज न्यूझीलंडच्या गवताळ डोंगरांवर परदेशी पाइन असेच पसरत आहेत. आपल्या गुजरातेत कच्छच्या बन्नीमध्ये खारे रण थोपविण्यासाठी १९६१ च्या सुमारास गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, लावण्यात आला. येथे मात्र गुरांनी त्यास रोखले नाही. ती गोड शेंगा खातात आणि शेणातून बी दूरवर पेरतात. गवत आटले, मालधाऱ्यांची कुरणे आक्रसली; तरी त्याच लाकडाच्या कोळशावर कित्येक घरांची चूल पेटते. म्हणून केवळ कुऱ्हाड चालवून हा प्रश्न सुटत नाही.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन निवर्तले. विद्यार्थिमित्रहो, वृक्षारोपण पुण्यकर्म खरे. परंतु कोणते झाड, कोणत्या भूमीत आणि त्याचे बी कोण नेणार, हे आधी वाकून पाहावे, हाच त्यांच्या चरित्राचा बोध आम्हांस वाटतो.