तुकोबारायांची सोयरीक

चैत्र महिना होता. नागभीडपासून थोड्या अंतरावर, रानाला अगदी लागून असलेल्या एका खेड्यात कीर्तन होते. निरूपणाला जगद्गुरू तुकोबारायांचा तो प्रसिद्ध अभंग घेतला होता, ज्यात महाराज झाडांशी, वेलींशी आणि रानातल्या जीवांशी आपले नाते सांगतात. मंडळी रंगली, टाळकऱ्यांनीही कसर ठेवली नाही. आरती झाली, बुक्का लावणे चालले होते, तेवढ्यात एक माउली पुढे आली. दोन वर्षांपूर्वी तिचा मालक पहाटे मोहफुले वेचायला गेला, तो वाघाच्या तोंडी पडला. तिने मला एवढेच विचारले की महाराज, तो वाघसुद्धा आपला सोयराच का?

बाबांनो, माझी वाचा बंद झाली. चाळीस वर्षे कीर्तन करतो, काव्य-व्याकरण शिकलो, भाष्ये वाचली. पण त्या माउलीला द्यायला त्या रात्री माझ्याजवळ शब्द नव्हता. संतांचे वचन कळेनासे झाले म्हणजे संतांचे चरित्र उघडावे, असे आमचे गुरुजी सांगत. तेच केले. त्यातून जे हाती आले ते वाचकांच्या चरणी ठेवतो.

महाराजांचा जन्म देहू गावी मोरे घराण्यात झाला. शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८, हे जन्मवर्ष सर्वसाधारणपणे धरले जाते. वडील बोल्होबा, माता कनकाई. घरी पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्यांची. पूर्वज विश्वंभरबोवा यांनी देहूत विठ्ठल-रखुमाईची स्थापना केलेली. महाजनकी होती, सावकारी होती, शेती आणि दुकानही होते. वडील बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, म्हणून प्रपंचाचे जू कोवळ्या वयातच महाराजांच्या मानेवर आले. पुढे आईबाप गेले, सावजींची पत्नी वारली, आणि सावजी तीर्थाटनाला निघून गेले.

अशात इसवी सन १६३० च्या सुमारास गुजरातेपासून दख्खनपर्यंत भयंकर दुष्काळ पडला. आभाळाने डोळे मिटले. गुरे मेली, धान्य मिळेना, माणसे गाव सोडून वाट फुटेल तिकडे गेली. महाराजांचा व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. थोरली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली आणि मुलगा संतोबाही गेला. त्या वेळी महाराज ऐन विशीत होते.

येथे क्षणभर थांबावे. ज्या सृष्टीला पुढे महाराज आपले गणगोत म्हणणार होते, तिच्याच कोपाने त्यांचे घर मोडले होते. पोटभर जेवून, सावलीत बसून कोणी सृष्टीचे गोडवे गावे, तसले ते बोलणे नव्हे. बायको-लेकराला अग्नी दिलेल्या माणसाने पुढे झाडापाखरांना आप्त म्हटले आहे. हे ध्यानात आले तेव्हा मला त्या माउलीच्या प्रश्नाजवळ थोडे जाता आले.

दुःखाने होरपळलेले महाराज भामचंद्र डोंगरावर गेले आणि पंधरा दिवस तेथे नामचिंतनात बसले. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तेथे पोचला. दोघे इंद्रायणीकाठी आले. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते घरात होती, ती आणविली. अर्धी कान्होबाला दिली, कारण त्याला संसार करायचा होता. आपल्या वाट्याची अर्धी महाराजांनी इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली. दुष्काळाने नागवलेल्या कुळांच्या मानेवरचा फास तेवढा सुटला.

आम्ही कीर्तनकार ही कथा वैराग्याचा दाखला म्हणून सांगतो, आणि ते खरेच आहे. पण तिचा क्रम पाहावा. डोंगरावरून उतरल्यावर महाराजांनी पहिले काम केले ते गरिबाला मोकळे करण्याचे. झाडांशी सोयरीक त्यानंतरची. ज्याने माणसाला ऋणातून सोडविले, त्याच्याच तोंडी वनाचे नाते शोभले.

पुढे महाराजांचा नित्यक्रम असा पडला की सकाळी देवाची पूजा करावी आणि भंडारा डोंगर गाठावा. तेथे ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, नामदेवरायांचे अभंग यांचे वाचन, मनन आणि भजन. दुसऱ्या पत्नी जिजाबाई दुपारी भाकर घेऊन डोंगर चढत. एकदा त्यांच्या पायात काटा मोडला आणि तो प्रत्यक्ष पांडुरंगाने काढला, अशी कथा आहे. महाराजांच्या वनवासाचा भार या माउलीच्या डोक्यावर होता, हे विसरू नये. संसाराची ओढाताण होई तेव्हा त्या कडक बोलत, आणि महाराज ते ऐकून घेत.

महिपतिबोवा ताहराबादकरांनी महाराजांच्या चरित्रात दोन प्रसंग वर्णिले आहेत. एकदा वाटेत पाखरे दाणे टिपीत होती. महाराजांची चाहूल लागताच ती भुर्रकन उडाली. दुसरा कोणी पुढे चालता झाला असता. महाराज तेथेच उभे राहिले. पाखरांना माझे भय वाटले, त्या अर्थी माझ्यात अजून भेद शिल्लक आहे, असे मनाला लावून घेऊन ते निश्चल राहिले, तो पाखरे परत आली आणि निर्भयपणे अंगाखांद्यावर बसली. आपण पाखरू भित्रे म्हणून मोकळे होतो. महाराजांनी दोष स्वतःकडे घेतला.

दुसरा प्रसंग शेताचा. एका शेतकऱ्याने महाराजांना राखणीला बसविले. पाखरांचे थवे कणसांवर उतरले, पण महाराजांचा हात गोफणीकडे गेला नाही. मालक संतापला, भरपाईचा वाद पंचांपुढे गेला. पुढे मळणी झाली तेव्हा रास अपेक्षेहून किती तरी मोठी भरली. जादा धान्याला महाराजांनी हात लावला नाही. आमच्या शास्त्रात गृहस्थाला पंचमहायज्ञ सांगितले आहेत. त्यांत एक भूतयज्ञ, म्हणजे रोजच्या अन्नातला वाटा मुक्या जीवांसाठी काढून ठेवणे. पाठशाळेत मी तो पाठ केला, महाराजांनी तो शेतात उभे राहून केला.

वह्या बुडविण्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, महाराज तेरा दिवस अन्नपाण्यावाचून शिळेवर बसले, आणि नदीने त्या कोरड्या परत दिल्या. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इसवी सन १६५० मध्ये, महाराजांनी वैकुंठगमन केले. त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला, तो आजही चालतो.

पण ज्या नदीने गाथा सांभाळली, तिला आपण काय दिले? गेल्या काही वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर साबणासारखा पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे घाण पाणी तिच्यात सोडले जाते. त्यातच आपण स्नान करतो आणि तीर्थ म्हणून ओंजळ तोंडाशी नेतो. सोयऱ्याच्या विहिरीत विष कालवून त्याच्याच दारी पाहुणा जाणे, याहून हे निराळे नाही.

आता आमच्या झाडीपट्टीकडे येऊ. येथे सोयरीक हा शब्द पुस्तकातला नाही. आमच्या गोंड बांधवांत कुळाकुळाचे झाड वा प्राणी पूज्य असतो, त्या कुळाचा माणूस त्याला इजा करीत नाही. रानाच्या वाटेवर वाघोबाचे ठाणे असते, शेंदूर लावून हात जोडल्यावाचून माणूस पुढे जात नाही. टंचाईच्या दिवसांत मोहाने, कंदमुळांनी, चारोळीने कैक घरे जगविली. जवळच चिमूर तालुक्यातील गोंदेड्याच्या रानात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तपश्चर्या केली. या भूमीला रानाचे उपकार नव्याने शिकवावे लागत नाहीत. विसर तेवढा पडू देऊ नये.

पुढच्या चैत्रात मी त्याच गावी गेलो. त्या माउलीला जवळ बसवून सांगितले की बाई, सोयरा म्हणजे ज्याच्याकडून दुःख होत नाही असा नव्हे. सख्ख्या भावाकडूनही घाव बसतो. म्हणून त्याचे घर कोणी जाळीत नाही, आणि त्याच्या घरात अपरात्री, न विचारता कोणी शिरतही नाही. रानालाही उंबरठा आहे, वेळ आहे. तिच्या मालकाला मी दोष दिला नाही. तो पोटासाठी गेला होता; फुले उजाडण्यापूर्वी गळतात आणि गरिबाला थांबायला सवड नसते.

मग गावाला हात जोडून तीन गोष्टी मागितल्या. पहिली, मोहाखाली पाचोळा पेटवू नये, खराट्याने झाडून घ्यावा; ती आग झाडाखाली थांबत नाही, रानभर जाते, पाखरांची घरटी आणि उद्याची रोपे खाते. दुसरी, मोहाला किंवा तेंदूपानाला कोणी एकट्याने जाऊ नये. चांगले उजाडल्यावर, चारचौघांनी, आवाज करीत जावे. तिसरी, ज्या घरचा माणूस रानात गेला, त्या घरची रोवणी साऱ्या गावाने मिळून करावी. तुकोबारायांनी आधी खते बुडविली, मग डोंगर जवळ केला. हा क्रम आपण उलटा करू नये. गरिबाला उपाशी ठेवून रान राखता येत नाही, आणि रान उजाड करून गरिबाचे पोट दोन वर्षांपलीकडे भरत नाही.

माउली काही बोलली नाही. उठून जाताना तिने ओट्यावरच्या तुळशीला तांब्याभर पाणी घातले. त्या वर्षी आषाढात तिच्या बांधीत रोवणीला गावातली वीस माणसे उतरली, असे मला टाळकऱ्यांकडून कळले. पुढच्या हंगामात निम्म्या मोहांखाली खराटे फिरले. निम्म्यांखाली अजून आग लागते. तेथे पुन्हा कीर्तन करायचे आहे.

वारकरी बंधुभगिनींनो, गळ्यात तुळशीची माळ घातली तेव्हाच आपण एका झाडाला गळ्याशी धरले आहे. तेवढी सोयरीक निभावण्याचे बळ पांडुरंग आपणा सर्वांस देवो.

राम कृष्ण हरि.