मानाची मजुरी

१८९६ साली फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात अठ्ठावीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय विद्वान नवपरिणीत पत्नीसह राहावयास आला. हार्वर्डची पीएच.डी. मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय. बर्लिनमध्ये श्मोलर यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याला काम दिले, अध्यापकाचे आसन दिले नाही. वस्तीतील गुन्हेगारी व दारिद्र्य हा तेथील माणसांच्या वंशाचाच दोष, अशी शहरातील अनेक प्रतिष्ठितांची समजूत होती. डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांनी प्रश्नावली हाती घेतली आणि घरोघर जाऊन सुमारे अडीच हजार कुटुंबांची माहिती स्वतः गोळा केली.

१८९९ च्या ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ या ग्रंथात निष्कर्ष उलटेच निघाले. शिकलेल्या कृष्णवर्णीयाला कारकुनी मिळत नव्हती. कुशल कारागिरांच्या संघटना त्याला दारात उभे करीत नव्हत्या. मिळकत तुटपुंजी, भाडे मात्र गोऱ्यांहून चढे. देवाच्या दारीही तीच तऱ्हा. त्या शहरातील बेथेल चर्च १७९४ साली स्थापन झाले, ते गोऱ्यांच्या प्रार्थनासभेतील भेदभावाला कंटाळून बाहेर पडलेल्या रिचर्ड ॲलन यांच्या पुढाकाराने.

सत्य आकड्यांनी मांडले की समाज ते मान्य करील, ही डू बॉईस यांची श्रद्धा त्याच वर्षी अटलांटात ढासळली. एका कृष्णवर्णीय शेतमजुरावरील आरोपासंबंधी संयमित पत्र घेऊन ते वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले होते. जमावाने त्याला जाळून मारल्याचे आणि त्याच्या हाताची हाडे त्याच रस्त्यावरील एका दुकानात मांडल्याचे त्यांना वाटेत कळले. ते माघारी फिरले. पुढे १९०९ साली स्थापन झालेल्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे ते एक संस्थापक झाले आणि तिचे ‘क्रायसिस’ हे मासिक त्यांनी चोवीस वर्षे चालविले.

तथापि त्यांची खरी मर्मग्राही कामगिरी १९३५ च्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’मध्ये आहे. यादवी युद्धानंतर सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले, पण भूमिहीन राहिले. जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये किनारपट्टीवर कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत जमीन देऊ केली; अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती वर्ष सरण्यापूर्वीच जुन्या मळेवाल्यांना परत करण्याचे धोरण स्वीकारले. मुक्तीला भांडवल नव्हते. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबांची ४५ हजारांच्या आत भरली.

मग तितकाच नाडलेला गोरा मजूर या मजुराच्या बाजूने का उभा राहिला नाही? डू बॉईस यांचे उत्तर असे : त्याला पैशाची मजुरी कमी मिळे, पण तिच्या जोडीला मानाची मजुरी मिळे. सार्वजनिक बागा त्याला खुल्या, शाळा बऱ्या, पोलीस त्याच्यातलेच, न्यायालय त्याच्याशी सौम्य. मालकाला हा भत्ता जवळजवळ फुकट पडे आणि दोघांचेही वेतन खाली राही. वेतनाच्या रूढ सिद्धान्तात या मजुरीला रकाना नाही, हे त्या सिद्धान्ताचे उणेपण होय.

१९४६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना पत्र लिहिले. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांचीही दाद तेथे मागण्याचा विचार होता. डू बॉईस यांनी आस्थेने उत्तर धाडले.

१९५१ साली, ८३ वर्षांच्या या वृद्धावर परकीय हस्तक असल्याचा खटला भरण्यात आला. तो निर्दोष सुटला, तरी पारपत्र १९५८ पर्यंत मिळाले नाही. स्टालिनच्या राजवटीकडे मात्र या काटेकोर संशोधकाने डोळेझाक केली, हेही नोंदविले पाहिजे. १९६१ साली कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व घेऊन ते घानात गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी, ९५ व्या वर्षी, अक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी रोजगार आणि स्वातंत्र्य मागण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक जमले होते. व्यासपीठावरून त्यांना ही वार्ता सांगण्यात आली.