रखमाबाईंचं माहेर

कामाच्या निमित्ताने मला अधूनमधून कोर्टाची पायरी चढावी लागते. सासरी मुलीने जीव दिलेला असतो. खालच्या कोर्टाने नवऱ्याला शिक्षा दिलेली असते आणि प्रकरण अपिलात गेलेलं असतं. अपिलात सहसा साक्षीदार पुन्हा बोलावत नाहीत, कागदावरच्या जबाबांचा कीस पडतो. त्या जबाबांत आईवडिलांचं एक वाक्य हमखास असतं. मुलगी दोनदा निघून आली होती, आम्हीच समजूत घालून तिला परत नांदायला पाठवलं. अशा वेळी मला डॉ. रखमाबाई आठवतात.

रखमाबाई मुंबईच्या. जन्म २२ नोव्हेंबर १८६४. त्या लहान असतानाच वडील गेले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. त्यांच्या सुतार समाजात पुनर्विवाहाला मुभा होती. सखाराम अर्जुन सावत्र वडील खरे, पण या मुलीला वाचनाची गोडी लागली ती त्यांच्याच घरात.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. रखमाबाई माहेरीच राहिल्या. दादाजींनी शिकून मार्गाला लागावं अशी अपेक्षा होती, पण शिक्षणात त्यांचं मन रमलं नाही. ते मामाकडे राहायला गेले. त्या घरात मामाने बाई ठेवलेली होती आणि त्या जाचाला कंटाळून मामीने जीव द्यायचा प्रयत्न केला होता, अशी नोंद आहे. रखमाबाईंना नांदायला बोलावणं आलं ते याच घरातून!

त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. तो चालू असतानाच, १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. त्याच वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. नकळत्या वयात लग्न झालेल्या बाईला मोठेपणी मनाविरुद्ध नवऱ्याच्या हवाली करणं त्यांना पटलं नाही. दादाजी अपिलात गेले आणि १८८६ मध्ये दोन न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

केवढी खळबळ माजली असेल! टिळकांच्या 'केसरी'ने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक पाठीशी उभे राहिले. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला आणि तुरुंगवास टळला. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या. आधी सुरत, मग राजकोट इथल्या दवाखान्यांत त्यांनी कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्या गेल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा आला. त्यात घटस्फोटाची सोय झाली, पण नांदायला येण्यासाठी दावा लावायची सोयही कलम ९ मध्ये राहिली. ती आजही आहे.

सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारं ४९८-अ कलम १९८३ मध्ये आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ झालं, तर आत्महत्येला प्रवृत्त करण्याचा गुन्हा कलम १०८ खाली येतो. कायदा हवाच. पण आत्महत्येचं कलम लागतं तेव्हा मुलगी हातची गेलेली असते. मग वर्षानुवर्षं अपिलं चालतात. कधी शिक्षा कायम होते, कधी पुराव्याअभावी आरोपी सुटतो.

रखमाबाईंच्या धैर्याचं कौतुक आपण करतोच. मला मात्र जयंतीबाईंचंही मोठं वाटतं. नवरा गेला, गावभर बोलणी बसली, कोर्टकचेरीचा खर्च वाढला, तरी लेकीला त्यांनी घालवून दिलं नाही. आपली लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली, तर जावयाला फोन लावण्याआधी तिला आत घेऊया. तिला पोटभर जेवू घालूया, निवांत झोपू देऊया. तिचं सगळं ऐकून घेऊया आणि परत जायचं की नाही, हे तिलाच ठरवू देऊया.