श्रीगाडगेबाबांचे ऋणमोचन

वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. नावाचा अर्थ उघडच आहे, कर्जातून सुटका. पाठशाळेत आमच्याकडून देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे घोकून घेतली होती. यज्ञाने, अध्ययनाने आणि प्रजेने ती फिटतात हेही पाठ होते. पण सावकाराचे चौथे ऋण कशाने फिटते, हे कोणा पंडिताने सांगितलेले आम्हाला आठवत नाही. ते ज्यांना लहानपणीच पाहावे लागले, त्या श्रीगाडगेबाबांचे चरित्र आज वाचकांपुढे मांडतो.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे झाला. जात परीट, आडनाव जाणोरकर, पाळण्यातले नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि घर धुऊन गेले. १८८४ साली वडील वारले. आठ वर्षांचे पोर घेऊन सखुबाई मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला भावाच्या आश्रयाला आली. डेबूने मामाची गुरे राखली, मग औत धरले. अक्षराची ओळख नाही, पण शेतीत असा तयार झाला की मामाला मोठा आधार वाटू लागला.

मामा चंद्रभानजी साधा माणूस. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला, पैसे फेडीत गेला, पावती मात्र मागितली नाही. अहो, मागणार कशी? लिहिलेले वाचायचे कोणी? शेवटी कसलेले शेत सावकाराच्या घशात गेले, मामाने हाय खाल्ली आणि त्यातच त्याचा अंत झाला. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा डेबूजी औत धरून शेतात उभा राहिला, हटला नाही. पुढे पन्नास वर्षे बाबांनी कीर्तनात कर्ज काढू नका, दारू पिऊ नका आणि पोराला शाळेत घाला ह्या तीन गोष्टींचा जो घोष केला, त्याचे मूळ ह्या शेतात आहे असे आम्हाला वाटते. लोक त्याला समाजसुधारणा म्हणतात. आम्ही त्याला पितृऋण म्हणू. बाप दारूत गेला आणि मामा कर्जात.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस आणि दारूचे जेवण द्यायचे, पण डेबूजींनी पानात लाडू वाढले. भाऊबंद रागावले. तेही सोसले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. म्हातारी आई, बायको, लेकरे मागे राहिली. ह्या गोष्टीला आम्ही कीर्तनात फार सोपे करून टाकतो. वैराग्य झाले आणि निघाले, एका वाक्यात झाले! मागे राहिलेल्यांनी दिवस कसे काढले असतील, हे बाबांच्या त्यागाचे दुसरे पान आहे, आणि ते कुंताबाईंच्या नावावर लिहिले पाहिजे.

पुढची बारा वर्षे भटकंतीची. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात फुटके गाडगे, त्यातच खायचे, त्यातच प्यायचे. म्हणून गाडगेबाबा. आणि खराटा. गावात शिरायचे ते झाडीतच. दिवसभर गाव झाडून काढायचे आणि संध्याकाळी त्याच गावाला कीर्तन सांगायचे. ऋणमोचनाला यात्रेच्या दिवसांत चिखलातून बायामाणसे घसरून पडत. तेथे बाबांनी स्वतः माती वाहिली, लोकांना कामाला लावले आणि नदीवर घाट उभा केला. देवळात जाऊन ऋण फिटते की नाही ते देव जाणे, पण त्या घाटाच्या पायरीवर पाय ठेवणारा माणूस पडत नाही, हे कोणीही पाहावे.

त्यांचे कीर्तन आमच्या संप्रदायाच्या चौकटीत बसत नाही. आधार तुकोबारायांचा, नामघोष गोपाळाचा, भाषा मात्र अस्सल वऱ्हाडी. आणि सगळी प्रश्नोत्तरे. बाबा विचारायचे, समोरचे हजारो लोक उत्तर द्यायचे. उत्तर चुकले की बाबा हसवायचे, आणि हसता हसता माणूस आपल्याच घरातली दारूची बाटली, आपल्याच लग्नातला उधारीचा खर्च पाहून खाली मान घालायचा. पदच्छेद, अन्वय, दृष्टांत, सिद्धांत असे शिकलेल्या आमच्यासारख्याला हे कीर्तन म्हणावे की नाही असा प्रश्न पडतो. देवळातल्या दगडाविषयी आणि नवसाच्या बोकडाविषयी ते जे बोलत, त्यातले दुसरे आम्हाला पूर्ण मान्य आहे. पहिल्याबद्दल आमचा मतभेद आहे आणि तो राहील. विटेवरचे परब्रह्म आम्हाला दगड नाही.

पण एका बाबतीत मतभेदाला जागाच नाही. जेथे कीर्तन करावे तेथले अन्नही घेऊ नये, हा तुकोबारायांनी कीर्तनकाराला घातलेला दंडक आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्यावर आम्ही दोन दोन तास निरूपण करतो, आणि निरूपण संपल्यावर पाकीट येते ते उपरण्याखाली सरकवतो. आजकाल तर सप्ताहाच्या कमिटीला आधी आकडा कळवायचा आणि मग तारीख द्यायची, अशी रीत पडू लागली आहे. बिदागी घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही, कीर्तनकारालाही पोट आहे, टाळकऱ्यांना गाडीभाडे आहे. पण बाबांच्या पुढे हा हिशेब मांडायला जीभ रेटत नाही. बाबा कीर्तन करून निघून जात आणि दुसऱ्याच घरी भाकरतुकडा मागून त्या गाडग्यात घेऊन खात. पाया पडू देत नसत. कोणाला शिष्य केले नाही.

आणि पैसा? पैसा तर पुष्कळ आला. त्यांच्या शब्दावर लोकांनी लाखांनी दिले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, आंधळ्यापांगळ्यांना सदावर्ते लागली, मूर्तिजापूरला गोरक्षण झाले. नातेवाईकांना त्यातले काही नाही. बायकामुलांनी झोपडीत राहावे, कष्ट करून खावे. लोकांचा पैसा लोकांचा. श्रीमद्भागवतात नारदांनी युधिष्ठिराला सांगितले आहे की पोट भरेल तेवढ्यावरच माणसाची सत्ता, त्याहून अधिक माझे म्हणेल तो चोर. हा श्लोक आम्हाला व्याकरणासह येतो. बाबांना अक्षरही येत नव्हते. असो.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९२० च्या सुमाराची. आषाढीला ज्या वारकऱ्यांना अस्पृश्य म्हणून कोणी ओसरीवरही उभे करीत नसे, त्यांनी पावसात कोठे राहायचे? विठोबाच्या देवळाचे दार त्यांना १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. म्हणजे बाबांचे छप्पर देवळाच्या दाराच्या कितीतरी आधीचे. हा हिशेब आपल्या संप्रदायाने विसरू नये. पुढे १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडेल तर इमारत आपल्या नावाने कशाला राहावी, एवढाच त्यात भाव.

१९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मोठा झालेला मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. ह्या प्रसंगावर श्रोत्यांना रडवणे सोपे आहे. आम्ही तो फक्त सांगून पुढे जातो, कारण त्या वेळी त्यांच्या पोटात काय झाले असेल ते बोलायचा अधिकार कोणालाच नाही.

१९५२ साली सर्व संस्थांचा कारभार पाहण्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. शरीर थकले तरी फिरणे सुटले नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी कीर्तन केले. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीस आहे.

वांद्र्याच्या त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाले होते. ते आजही ऐकायला मिळते. आवाज म्हातारा आहे, पण बाबा विचारताहेत आणि सगळा समुदाय एका सुरात उत्तर देतो आहे.