डिझेल संपलं की ट्रॅक्टर हवा का धरतो? इंजिन शोधणाऱ्या रुडॉल्फ डिझेल यांची कहाणी

पंपावर, शेतात, मळणीच्या वेळी डिझेल हा शब्द दिवसातून दहा वेळा तोंडी येतो. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मन, वडिलांचा चामड्याच्या वस्तूंचा छोटा धंदा. १८७० साली फ्रान्स आणि जर्मनीचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. घरचे लंडनला गेले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगं हुशार. म्युनिकच्या तंत्र महाविद्यालयातून १८८० साली ते उत्तम गुणांनी पास झाले.

तिथं त्यांचे गुरू होते कार्ल फॉन लिंडे, बर्फ बनवण्याच्या यंत्राचे जाणकार. वर्गात एक गोष्ट डिझेल यांच्या मनात पक्की बसली. वाफेचं इंजिन जेवढा कोळसा खातं, त्यातल्या उष्णतेचा दहावा हिस्सासुद्धा कामाला येत नाही, बाकी सगळी वाया. हे नुकसान थांबवायचं, असं त्यांनी ठरवलं. लिंडे यांच्याकडे नोकरी करताना त्यांनी अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवून पाहिलं. त्यात स्फोट झाला आणि बरेच दिवस दवाखान्यात काढावे लागले.

मग त्यांनी वेगळी वाट धरली. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, हे सगळ्यांनी अनुभवलंय. हवा जोरात दाबली की तापते. ती इतकी दाबायची की आत इंधन सोडताच आपोआप पेटेल, ठिणगीची गरजच नाही. आपल्या ट्रॅक्टरला स्पार्क प्लग नसतो, तो यामुळेच. १८९३ मध्ये त्यांना या कल्पनेचं पेटंट मिळालं.

ऑग्सबर्गच्या कारखान्यात प्रयोग सुरू झाले. पहिल्याच चाचणीत स्फोट होऊन मोजमापाचं यंत्र उडालं. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन स्वतःच्या जोरावर चाललं, तेही जेमतेम मिनिटभर. १८९७ साली सुमारे २० अश्वशक्तीच्या इंजिनाची अधिकृत चाचणी झाली. इंधनातली २६ टक्के उष्णता कामाला लागली. पुढं १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असं एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. शेतकरी आपलं इंधन शेतातच पिकवू शकेल, अशी डिझेल यांची आशा होती.

पैसा भरपूर आला, पण टिकला नाही. कोर्टकचेऱ्या, जमिनीच्या व्यवहारातलं नुकसान, बिघडलेली तब्येत आणि डोक्यावर कर्ज. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री ते ड्रेस्डेन नावाच्या बोटीनं इंग्लंडला निघाले. रात्री जेवले, खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी होती, अंथरुणावर कोणी झोपलेलं नव्हतं. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तूंवरून तो त्यांचाच असल्याचं मुलानं ओळखलं. आत्महत्या की आणखी काही, याचा उलगडा आजवर झालेला नाही. वय होतं ५५.

आता हवा धरण्याचं बघू. डिझेल यांच्या इंजिनात इंधन आत फेकायला दाबलेली हवाच वापरायचे. त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर लागे, म्हणून इंजिन अवजड, शेतात नेण्याजोगं नव्हतं. जर्मनीच्या रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीनं १९२७ मध्ये इंधन थेट दाबून फवारणारा पंप बाजारात आणला. तेव्हापासून डिझेल इंजिन लहान गाड्यांत आणि ट्रॅक्टरात बसवणं सोपं झालं. आपल्याकडे पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवर डिझेल इंजिनाचा आवाज घुमू लागला.

या पंपाची एक अडचण आहे. डिझेल दबत नाही, हवा दबते. टाकी रिकामी झाली की पाइपात हवा शिरते. पंप नुसती हवाच दाबत बसतो, नोझल उघडत नाही. मग कितीही सेल्फ मारा, बॅटरी उतरते, ट्रॅक्टर चालू होत नाही.

अशा वेळी ट्रॅक्टर न्यूट्रलला घेऊन हँडब्रेक लावा. स्वच्छ गाळलेलं डिझेल भरा, नळ उघडा. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू थोडा ढिला करून फीड पंपाचा हातपंप मारा. आधी फेस, बुडबुडे येतील. बुडबुडे थांबून सलग धार लागली की पंप मारता मारता स्क्रू आवळा. तसंच मुख्य पंपाच्या स्क्रूवर करा. तरीही चालू झाला नाही, तर नोझलच्या पाइपाचे नट किंचित ढिले करून थोडा सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. तिथं हात किंवा तोंड नेऊ नका, दाबाची फवार कातडीत घुसते. सेल्फ एकावेळी दहा-पंधरा सेकंदच मारा, मध्ये विश्रांती द्या. नवीन कॉमन रेल ट्रॅक्टरचे नोझल पाइप मात्र घरी सोडू नयेत, मेकॅनिक बोलवावा.

काटा तळाला जायच्या आत डिझेल भरलं, तर ऐन पेरणीत ही वेळ येत नाही.