रीफचे अब्दुल करीम

आफ्रिका खंडाच्या उत्तरेस मोरोक्को हा देश आहे. तेथे भूमध्य समुद्राच्या काठाने रीफ नावाचे उंच डोंगर पसरलेले आहेत. या डोंगरांत राहणाऱ्या लोकांना बर्बर म्हणतात. हे नाव त्यांना परक्यांनी दिले. मराठीत बर्बर म्हणजे रानटी. उर्दूतील बर्बरियत हा शब्दही तुम्हांला ठाऊक आहे. ते लोक मात्र स्वतःला इमाझिघेन म्हणवतात. स्वतंत्र माणसे, असा त्याचा अर्थ सांगतात.

या लोकांच्या बनी वर्याघल कबिल्यात, अजदीर या गावी, १८८२ च्या सुमारास मुहम्मद बिन अब्दुल करीम यांचा जन्म झाला. वडील काझी होते. फेज शहरातील प्रसिद्ध कराविय्यीन विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. पुढे स्पेनच्या ताब्यातील मेलिला शहरात त्यांनी शिक्षक, पत्रकार आणि काझी म्हणून काम केले.

रीफचे जीवन कष्टाचे होते. जमीन खडकाळ आणि पाऊस बेभरवशाचा. लोक जव पिकवीत. अंजीर, बदाम व जैतून यांची झाडे लावीत. गावोगावी आठवडी बाजार भरे आणि वारावरूनच त्याचे नाव पडे. काही बाजार केवळ स्त्रियांचे असत. तेथे पुरुषांना मज्जाव होता!

पण एक मोठे दुःख होते. खुनाचा बदला खुनाने घेण्याची तेथे रीत होती. एकेक वैर पिढ्यान्‌पिढ्या चाले. म्हणून घरे एकमेकांपासून दूर बांधत आणि घराजवळ गोळ्या झाडण्यासाठी लहानसा बुरूज उभारत. बाजाराच्या दिवशी मात्र हत्यार चालवायचे नाही, असा नियम होता. तो मोडून कोणी खून केला, तर पंच जबर दंड घेत. तो न भरल्यास खुन्याचे घर जाळून टाकीत. नवल असे, की दंडाची रक्कम मृताच्या घरच्यांना न मिळता पंचांकडेच जाई.

१९१५ मध्ये स्पेनच्या अधिकाऱ्यांनी अब्दुल करीम यांना कैदेत टाकले. निसटताना ते पडले, पाय मोडला आणि ते कायमचे लंगडे झाले. सुटल्यानंतर १९१९ मध्ये ते गावी परतले. स्पेनची फौज पुढे सरकत होती आणि कबिले आपसांत लढत होते. अब्दुल करीम यांनी त्यांना एकत्र आणले. जुलै १९२१ मध्ये अनवाल येथे त्यांनी स्पेनचा दारुण पराभव केला. त्या मोहिमेत स्पेनचे ८,००० हून अधिक सैनिक मारले गेले.

मग अजदीर येथे रीफचे स्वतंत्र सरकार आले. अब्दुल करीम यांनी सूड घेण्यास बंदी केली. पंचांचा दंड बंद झाला. खुनाचा निवाडा काझी शरीयतप्रमाणे करू लागले. घराजवळचे बुरूज त्यांनी पाडायला लावले. शिक्षा कडक होत्या, पण लोक बाजाराखेरीज इतर दिवशीही निर्भयपणे हिंडू लागले. माझ्या मते हे काम अनवालच्या विजयाहूनही अवघड होते.

स्पेनने रीफवर विषारी वायूचे बॉम्ब टाकले. १९२५ मध्ये फ्रान्सही युद्धात उतरला. दोन मोठ्या देशांपुढे टिकाव लागेना. मे १९२६ मध्ये अब्दुल करीम फ्रेंचांच्या स्वाधीन झाले. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर त्यांना २१ वर्षे ठेवले. १९४७ मध्ये फ्रान्सला नेताना त्यांचे जहाज इजिप्तमध्ये थांबले. तेथे ते उतरले आणि कैरोत राहिले.

१९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला. उत्तर आफ्रिकेत परकी सैन्य असेपर्यंत परतायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. ६ फेब्रुवारी १९६३ रोजी कैरोतच त्यांचे निधन झाले. १९२६ नंतर त्यांनी अजदीर पुन्हा पाहिले नाही.